मंदी, महागाई आणि हिटलरची मतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मंदीमुळे हिटलरची मतं वाढली, या माझ्या म्हणण्यावर तुमचा आक्षेप असा, की जर्मनांना हिटलरकडे ढकललं ते 1923 च्या महागाईने, 1929 च्या मंदीने नव्हे. आणि मंदी अमेरिकेतही होती, मग तिथे असं का झालं नाही?

महागाईने लोक होरपळले यात वाद नाही. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. पण त्यानंतरची मतं बघा. मे 1924 मध्ये नाझींच्या आघाडीला साडेसहा टक्के, त्याच वर्षी डिसेंबरात 3 टक्के, आणि मे 1928 मध्ये नाझी पक्षाला 2.6 टक्के, म्हणजे जेमतेम 12 जागा. महागाईचा राग एवढा टिकाऊ असता तर पक्ष असा आटला नसता. सप्टेंबर 1930 मध्ये तो 18.3 टक्क्यांवर गेला आणि जुलै 1932 मध्ये 37.3 टक्क्यांवर, 230 जागांसह. या काळात भाव वाढत नव्हते, पडत होते. वाढत होती ती बेकारी: 1932 च्या सुरुवातीला नोंदलेले बेकारच 60 लाखांच्या घरात होते.

मात्र बेकारांनीच हिटलरला निवडून दिलं, असं मी म्हणत नाही. काम गेलेला कामगार नाझींपेक्षा कम्युनिस्टांकडे जास्त वळला. त्यांची मतं 1928 च्या 10.6 टक्क्यांवरून नोव्हेंबर 1932 मध्ये 16.9 टक्क्यांवर गेली. नाझींना भरभरून मतं दिली ती हातात अजून थोडंफार उरलेल्यांनी: छोटे दुकानदार, कारागीर, कर्जात बुडालेले प्रॉटेस्टंट शेतकरी. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात शेतमालाचे भाव जागतिक मंदीच्या आधीच कोसळले होते, कर्जापायी शेतांचे लिलाव होत होते. तिथे जुलै 1932 मध्ये निम्म्याहून अधिक मतं नाझींना पडली. उलट कॅथलिक मतदारांचा सेंटर पक्ष त्याच संकटात 12 टक्क्यांच्या आसपास टिकून राहिला, कारण चर्च, संघटना आणि पक्ष यांची वीण घट्ट होती. उद्योगधंदेवाल्यांचा जर्मन पीपल्स पार्टी मात्र 8.7 वरून 1.2 टक्क्यांवर आला.

आता सरकारने काय केलं ते बघा, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. बेकारी विम्याचा कायदा 1927 चा. बेकार वाढले तसा निधी तुटीत गेला. वर्गणी थोडी वाढवायची की भत्ता कापायचा, यावर सत्ताधारी आघाडीत फाटलं आणि मार्च 1930 मध्ये चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हेर्मान म्युलर यांचं सरकार गेलं. संसदेतल्या बहुमतावर चाललेलं ते शेवटचं सरकार. पुढचे चॅन्सेलर ब्रुनिंग यांनी राज्यघटनेच्या कलम 48 खाली, म्हणजे संसदेऐवजी राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात, वटहुकूम काढून पगार कापले, कर वाढवले, भत्ते घटवले. जून 1932 मध्ये त्यांच्या जागी आलेल्या पापेन सरकारने विम्याचा हक्काचा भत्ता सहा आठवड्यांवर आणला. त्यानंतर गरज सिद्ध करायची, म्हणजे घरात कोण किती कमावतं ते दाखवायचं, आणि शेवटी नगरपालिकेच्या मदतीच्या रांगेत उभं राहायचं. नगरपालिकांच्या तिजोऱ्याही तोवर रिकाम्या झाल्या होत्या.

अमेरिकेशी फरक इथेच पडतो. तिथे 1932 मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्यावर चिडलेल्या मतदारासमोर विरोधी पक्षाचे रूझवेल्ट होते. जर्मनीत समाजवादी लोकशाहीवादी पक्ष हिटलरच्या भीतीने 1930 च्या शरदापासून ब्रुनिंग सरकारला तगवून धरत होता. मग या कपातीबद्दल धडा शिकवायचा तर मत द्यायचं कुणाला? उरले नाझी, कम्युनिस्ट आणि उजवे राष्ट्रवादी. स्वीडनमध्ये 1933 साली समाजवादी आणि शेतकऱ्यांच्या पक्षाने सौदा केला: शेतमालाला आधारभाव, बेकारांना सरकारी कामं. जर्मन शेतकऱ्याला आणि कामगाराला एकत्र आणणारा असा तोडगा तिथल्या लोकशाही पक्षांनी काढला नाही.

एका बाबतीत तुमच्याशी सहमत आहे: मंदीने सगळं उलगडत नाही. नोव्हेंबर 1932 मध्ये नाझींची सुमारे 20 लाख मतं घटली, 34 जागा गेल्या. तरीही 30 जानेवारी 1933 ला हिटलर चॅन्सेलर झाला, कारण पापेन आणि त्यांच्या वर्तुळाने राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचं मन वळवलं. तो निर्णय मतदारांचा नव्हता.