ताफा साइडला घ्या

भविष्यकाळ कितीही भयंकर असला तरी तो खेळायला रविवारी दुपारी पाच माणसं एका टेबलाशी जमवावी लागतात, आणि ठाण्यात हे काम त्या भविष्यकाळाहून भयंकर आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तारीख टाकली की पहिला ‘डन’ लगेच येतो. तो ज्याचा असतो तोच नेमका येत नाही. मग कुणाच्या चुलतभावाचा साखरपुडा निघतो, कुणाच्या पोराची स्कॉलरशिपची परीक्षा. सगळ्यांचं सगळं जुळून आलंच, तर ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक.

आता हे कशासाठी जमायचं, ते सांगायला हवं. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे काय हे मी आईला बरेचदा समजावलं. तिने शेवटी स्वतःच व्याख्या केली: “पाच घोडे बसून एकमेकांना गोष्ट सांगतात आणि मधेमधे खायला मागतात.” यात मी भर घालीन ती एवढीच, की एक घोडा गेम मास्टर असतो. जग त्याने उभं करायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं, आणि जिथे होईल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तिथून हे वेड सुरू झालं. तो तलवारी आणि जादूगारांचा मामला. आम्ही खेळतो तो माइक पाँडस्मिथचा ‘सायबरपंक’. त्याची पहिली आवृत्ती १९८८ची. आमच्याकडे आहे ती ‘रेड’, आणि तिच्यातलं साल आहे २०४५. कॅलिफोर्नियातलं नाइट सिटी नावाचं काल्पनिक शहर, बलाढ्य कंपन्यांच्या मुठीतलं. माणसं हातपाय कापून तिथे यंत्रं बसवून घेतात. जितकी यंत्रं जास्त तितकी माणुसकी कमी, आणि हे वाक्य मी कीर्तनातलं म्हणून सांगत नाही. ह्युमॅनिटीचे गुण तिथे खरोखर वजा होतात.

गेम मास्टर मी. नाइट सिटी पाँडस्मिथने बघून घेतलीय, म्हणून मी मिशन आणलं नवी मुंबईत. ठाणे-बेलापूर रस्त्याने रात्री जाऊन पाहा. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत, आत माणूस दिसत नाही, नुसती घरघर ऐकू येते. २०४५ अर्धं तिथे येऊन बसलंय. तर मिशन दोन भागांत होतं. आधी महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये गुपचूप शिरायचं आणि ताफा कधी, कुठल्या रस्त्याने निघणार ते काढायचं. मग तो ताफा न्हावा शेवा बंदराकडे जाताना उरण फाट्याला गाठायचा आणि कपाटाएवढा सर्व्हर पळवायचा. चार काडेपेट्यांचे चार ट्रक केले होते. पुढच्या गाडीत बसणाऱ्या सेनापतीचा छोटा पुतळा तर मी रात्री जागून रंगवला होता, एका खांद्यावर रॉकेट लाँचर, डोळ्यांत लाल रंगाचा एकेक ठिपका. याला मरताना बघून माझी मंडळी रडली पाहिजेत, अशी अपेक्षा होती.

मंडळी म्हणजे ऐरोलीचा एक आयटीवाला, खारघरचा एक सीए आणि बँकेत असलेली माझी मामेबहीण. पाचवा ‘डन’वाला.

पहिला पहारा आमच्याच सोसायटीच्या गेटवर निघाला. सीएने वहीत ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात सरळ ‘फासे’ लिहिलं. आयटीवाला लिफ्टमध्ये फोनवर बोलत होता, “गार्डला मारायचं नाही रे, नुसता बेशुद्ध करू आणि डक्टमध्ये टाकू,” आणि लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात कमिटी मेंबर काका. पांढरा लेंगा, हातात डायरी.

“जुगार चाललाय म्हणे?”

“नाही हो काका. पैसे नाहीत. गोष्ट आहे.”

काका आत आले. त्यांनी काडेपेट्या पाहिल्या, सेनापती पाहिला, गॅसवर उकळणाऱ्या मिसळीच्या कटाचा वास घेतला, आणि डायरी मिटली. “एक भिडू कमी दिसतोय,” म्हणाले.

काकांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. नाका गेला, काका अजून तिथेच उभे आहेत. बिल्डिंगमध्ये कुणाचा सोफा आला तरी ते टेम्पोला एक प्रदक्षिणा घालतात. त्यांना मी फिक्सरची भूमिका दिली, म्हणजे ओळखीपाळखीने कामं करून देणारा माणूस. कौशल्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. बंदूक चालवणं, गाडी पळवणं, कुलूप उघडणं हे सगळं त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सोडून दिलं. मग बोट थांबलं. पुस्तकात ‘ब्युरोक्रसी’ नावाचं एक कौशल्य आहे. आजवर माझ्या टेबलावर ते कुणी घेतलं नव्हतं. काकांनी त्यात मिळतील तेवढे सगळे, सहा गुण टाकले, बुद्धी आठ घेतली. बंदूक घेतली नाही. “गरज पडत नाही,” म्हणाले.

आयटीवाल्याची तक्रार वेगळीच. तो नेटरनर, म्हणजे यंत्रणेत घुसणारा हॅकर. त्याची समजूत की आपण घरी गादीवर पडून महापेत घुसणार. पण या खेळाच्या इतिहासात २०२२ साली रेश बार्टमॉस नावाच्या हॅकरच्या विषाणूंनी जगाचं जुनं नेटवर्कच कोसळवलं. आता प्रत्येक इमारतीची यंत्रणा सुटी, आणि नेटरनरला तिच्या जोडणीपासून ६ मीटरच्या आत स्वतः हजर राहावं लागतं.

“म्हणजे तिथेही वर्क फ्रॉम होम बंद?” त्याने इतक्या खोल आवाजात विचारलं की बहिणीने त्याच्या पुढ्यात आणखी एक पाव ठेवला.

घुसखोरीसाठी मी ग्राफपेपरवर तीन मजले काढले होते. कॅमेरे, लेझरची जाळी, एसीच्या डक्टमधून सरपटायची वाट. बहिणीने त्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“दादा, गेटवर कोण आहे?”

“दोन सशस्त्र रक्षक. एकाला यांत्रिक डोळे.”

“वही आहे?”

“कसली वही? २०४५ आहे.”

“वही आहे का ते सांग.”

मी ठाण्यात राहतो. माझ्याच्याने नाही म्हणवेना. वही होती. सुतळीने बांधलेलं पेन होतं. पेन उमटत नव्हतं.

“मग आम्ही पाण्याचे जार घेऊन जातो,” ती म्हणाली. “वीस लिटरचे, खांद्यावर. आमच्या ब्रँचमध्ये जारवाल्याला मॅनेजरच्या केबिनचा कोड माहितीये. मला नाही.”

मी आकडा लावला सतरा, म्हणजे आपले गुण आणि फाशावरचे मिळून सतराच्या वर जायला हवेत. पुस्तकात त्या पायरीला ‘प्रोफेशनल’ म्हणतात. तिने वाद घातला की जार नेणं हे रोजचं काम आहे, आणि रोजच्या कामाची पायरी तेराची. नियम तिच्या बाजूने होता. तिने फासा टाकला, गुण मिळवले, तेराच्या वर गेली. यांत्रिक डोळ्यांच्या रक्षकाने “तिसऱ्या मजल्यावर दोन ठेवा” एवढंच सांगितलं. लेझर नाही, डक्ट नाही. माझे तीन मजले लिफ्टने पार पडले. आयटीवाल्याने मधे “माझ्या मणक्यात गॅप आहे, माझ्या कॅरेक्टरच्याही असणार का?” असं विचारून घेतलं, तो वेळ वेगळा.

यंत्रणेच्या आत हेलहाउंड नावाचा राखणदार प्रोग्राम होता, तो त्याने लोळवला, ताफ्याची वेळ आणि रस्ता काढला. यात सांगण्यासारखं काही नाही. थरार परतताना झाला. गेटवर रक्षकाने हात आडवा घातला.

“रिकामे जार कुठायत?”

टेबलावर शांतता. भरलेला जार ठेवला की रिकामा परत न्यायचा असतो, हे चौघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. सीएचा योद्धा दोन्ही हातांतली पाती बाहेर काढून तयार झाला. बहिणीने त्याला बसवलं, सगळे परत तिसऱ्या मजल्यावर गेले, दोन रिकामे जार शोधून आणले, वहीत ‘आउट टाइम’ लिहून बाहेर पडले. मी आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही प्रसंगात इतका ताण नव्हता, आणि हा मी लिहिलेलाच नव्हता.

मिसळ वाढली गेली आणि ताफ्याची चर्चा सुरू झाली. मी म्हटलं, उरण फाट्याच्या पुलाखाली दबा धरा, पहिली गाडी उडवा, मग गोळीबार. यांनी मोबाइलवर नकाशा उघडला. रविवार दुपारचा लाल रंग बघून सीए म्हणाला, “दबा कशाला धरायचा? ताफा महापेतून निघून शिळफाट्याकडे वळला तर तीन तास तसाही हलणार नाही. चालत जाऊन सर्व्हर उतरवू.” मी म्हटलं, भविष्यात रस्ते मोकळे आहेत. चौघांनी माझ्याकडे पाहिलं. यांत्रिक हात त्यांनी मान्य केले होते, मेंदूतल्या चिपा मान्य केल्या होत्या, कोसळलेलं नेटवर्क मान्य केलं होतं. मोकळा रस्ता मान्य करेनात. बहिणीने विचारलं, यांच्या जगात उडत्या गाड्या आहेत तर माल रस्त्याने का नेतात? मी वजन फार आहे म्हटलं. तिने “हं” केलं. गेम मास्टरला त्या “हं”चं फार लागतं.

एक फेरी म्हणजे कथेतले साधारण ३ सेकंद, असा नियम आहे. पहिले तीन सेकंद ठरवायला आम्हाला तासभर लागला, पाव दोनदा आणावे लागले. मग काकांनी वाटीतलं फरसाण संपवलं आणि पहिल्यांदाच बोलले.

“बाळा, ट्रक थांबवायला बॉम्ब कशाला लागतो?”

त्यांनी बडीशेपचा डबा काडेपेट्यांसमोर ठेवला. “ही केबिन.” एक चमचा आडवा. “हा बांबू. दोन पिंपं, एक खुर्ची. आणि पावती पुस्तक, मधे कार्बन पाहिजे, कार्बन नसेल तर कुणी विश्वास ठेवत नाही.” मग खुर्चीत जरा रेलून, हात अर्धा वर, ताफ्याकडे न पाहता ते म्हणाले, “साइडला घ्या.”

त्या आवाजाने माझा पाय टेबलाखाली ब्रेक शोधू लागला. तरी मी गेम मास्टर आहे. चार चिलखती ट्रक, वीस भाडोत्री सैनिक, रॉकेट लाँचर. मी आकडा लावला चोवीस. पुस्तकातला शब्द ‘इनक्रेडिबल’. काकांचे आठ आणि सहा चौदा, आणि बरोबरी झाली तर ती नाक्याच्या विरोधात. म्हणजे दहाच पडायला हवा. दहा पडला की फासा पुन्हा टाकून जे पडेल त्याची भर घालायची.

काकांनी दहा बाजूंचा फासा तळहातावर घोळवला आणि सोडला. तो सेनापतीच्या पायाशी आपटला, काठावरून उडाला आणि सीएच्या मिसळीत पडला.

कुणी हललं नाही. फासा तर्रीत टेकून उभा होता, वरचा अर्धा बाहेर. या फाशावर दहाचा आकडा शून्य म्हणून छापतात, आणि वर जे होतं ते शून्यही असेल, आठही असेल, कारण आकड्याच्या बरोबर मधून एक मटकी आडवी चिकटली होती. मोड आलेली. आयटीवाला म्हणाला आठ. बहीण म्हणाली शून्य. सीए म्हणाला, जे प्रथमदर्शनी दिसतं ते नोंदवायचं. मी फासा पुन्हा टाका म्हणालो तर कुणी ऐकलंच नाही. शेवटी काकांनी चमच्याच्या टोकाने मटकी अशी अलगद उचलली, की सील न तोडता खोका उघडायची सवय असलेलाच माणूस ते करू शकतो. खाली शून्य. नुसतं शून्य, तांबडं आणि तेलकट.

धुऊन पुन्हा टाकला. एक पडला. चोवीस आणि एक पंचवीस.

ताफा साइडला घेतला गेला. मी सेनापतीला बोलतं केलं. त्याने त्या केबिनवर लाँचर रोखला. काका डायरीतून वर बघेनात. “ई-वे बिल?” हे मात्र सीएने विचारलं, पाती आत घेऊन. ठरावीक किमतीच्या वरचा माल रस्त्याने न्यायचा तर ते लागतं, हे सेनापतीला कोण सांगणार? तो म्हणाला, कागद हेड ऑफिसला आहेत. सीए आणि काकांनी एकमेकांकडे जे पाहिलं ते मी याआधी फक्त लग्न जमताना पाहिलंय. माल ताब्यात. पंचनामा बहिणीने लिहिला. सैनिकांना एका बाजूला रांगेत उभं केलं, दोन पिंपांच्या मधे, ओळखपत्र हातात धरून.

“गोळीबार?” मी विचारलं. आयटीवाल्याने पाव मोडत “आता कशाला?” म्हटलं.

नियमात बसतं तेवढं सगळं मी करून पाहिलं. सेनापतीला वरून फोन करवला. काकांनी “फोनवर नको, लेखी आणा” म्हटलं. लाच देऊ केली. काकांनी तिचीही पावती करायला घेतली, तेव्हा ती मी मागे घेतली. अखेर तो राक्षस, ज्याच्या डोळ्यांतले लाल ठिपके काढताना माझी मान धरली होती, दोन प्रती झेरॉक्स काढायला रॉकेट लाँचर खांद्यावर घेऊन नेरूळ स्टेशनच्या दिशेने चालत गेला. रविवारी झेरॉक्सचं दुकान उघडं सापडेल का, यासाठी मी त्याच्या वतीने फासा टाकला. सापडलं. नशिबाचे गुण खर्च करून त्याने प्रतींवर सहीही केली आणि परत आला.

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आडवा चमचा उचलला आणि बडीशेपच्या डब्याचं झाकण लावलं.

“जेवणाची सुट्टी,” म्हणाले. “तीननंतर या.”