लिंकन तीस वर्षं हरत नव्हता

एमपीएससीचा निकाल लागला की एक तक्ता व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या भिंतीवरही तो आहे. अब्राहम लिंकन : १८३१ धंदा बुडाला, १८३२ निवडणूक हरला, १८३६ मनाने खचला, १८४८ पुन्हा उमेदवारी नाही, १८५५ आणि १८५८ सिनेट (अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह) हरला, १८६० अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष.

दुकान बुडालं, पण १८३३च्या सुमारास. १८३२ची हार खरी. मात्र तेविशीतल्या त्या पोराला न्यू सेलममध्ये, स्वतःच्या गावात, ३०० पैकी २७७ मतं पडली होती. पुढचं १८३४ तक्त्यात नाहीच. त्या वर्षी तो आपल्या राज्याच्या, इलिनॉयच्या, विधानसभेत गेला आणि १८३६, १८३८, १८४० असा सलग निवडून येत राहिला. नैराश्याने त्याला गाठलं होतं, ते कुणी नाकारत नाही. पण ज्या १८३६वर तक्ता बोट ठेवतो, त्याच वर्षी तो निवडणूक जिंकला आणि वकिलीची सनदही मिळवली.

१८४८ तर सरळ चूक आहे. त्याच्या तेव्हाच्या व्हिग पक्षातल्या मंडळींत खासदारकी आळीपाळीने घ्यायचं ठरलं होतं : हार्डिन, बेकर, मग लिंकन. १८४६ला तो निवडून आला, आणि पुढच्या वेळी शब्द पाळून उभाच राहिला नाही.

१८५५बद्दल मला जास्त बोलायचंय. सिनेटर तेव्हा राज्याचं विधिमंडळ निवडायचं. पहिल्या फेरीत लिंकन सर्वांत पुढे होता. पण गुलामगिरीचा विस्तार रोखू पाहणाऱ्यांची मतं फुटून पलीकडचा माणूस येणार असं दिसताच त्याने आपली माणसं विस्ताराला विरोध करणाऱ्याच लायमन ट्रम्बुलच्या मागे उभी केली. ट्रम्बुल जिंकला. हिला हार म्हणायला माझी जीभ धजत नाही. १८५८ला सिनेटसाठी प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लसकडून हरला खरा, पण त्याच्याशी झालेल्या सात जाहीर वादांनीच तो देशभर माहीत झाला.

आणि वकिली? तिची एक ओळही नाही! स्प्रिंगफिल्डसारख्या लहान शहरात ऑफिस, फिरत्या कोर्टामागे गावोगाव घोड्यावरून किंवा बग्गीतून प्रवास, हजारो खटले. घर त्यावर चालायचं. सहाव्या प्रयत्नाला बसलेल्या मुलाला हा तक्ता दाखवून ‘थांबू नकोस’ सांगतात, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. लिंकन निकालाची वाट बघत खोलीत बसला नव्हता, हे त्या मुलाला कुणीच सांगत नाही.

काल अभ्यासिकेच्या मालकांना विचारून मी त्या तक्त्यात पेनने पाच वर्षं घातली : १८३४, १८३६, १८३८, १८४०, १८४६. पुढे लिहिलं, ‘जिंकला’. खाली आणखी एक ओळ : ‘१८३६पासून सनद, पोट वकिलीवर.’