पंचहौदचं देऊळ आणि तो चहा

पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनचं नाव काढलं की पुणेकर हटकून चहाची गोष्ट सांगतो. ऑक्टोबर 1890. गोपाळराव जोशांनी (हो, डॉ. आनंदीबाईंचे यजमान) बड्या मंडळींना व्याख्यानाच्या निमित्ताने मिशनमध्ये जमवलं, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, आणि नंतर हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली! रानडे, टिळक, गोखले, सगळे त्यात. ख्रिस्त्यांकडचा चहा म्हणजे धर्म बुडाला! मग ग्रामण्य (म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद), शंकराचार्यांकडे तक्रार, प्रायश्चित्तं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही शेवटी घेतलंच.

गोष्ट फर्मास आहे, वाद नाही. पण ती सांगणाऱ्यांपैकी कितीजण त्या आवारात गेलेत? मला तर या गोष्टीचा आता रागच येतो. तिच्यात ख्रिस्ती माणसं फक्त कप पुढे करायला येतात आणि गायब होतात.

गुरुवार पेठेत, म्हणजे पूर्वीच्या वेताळ पेठेत, मिशनचं चर्च, ‘पवित्र नाम देवालय’, 1885 पासून उभं आहे. म्हणजे चहा झाला तेव्हा देऊळ जेमतेम पाच वर्षांचं. इंग्रजांची बहुतेक चर्चेस लष्कर भागात (कॅम्पात), साहेबांच्या बंगल्यांजवळ. हे मात्र ऐन पेठेत, वाड्यांच्या गर्दीत, आणि इथली उपासना मराठीत. मला ह्या वास्तूचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हेच वाटतं. देवळापासून सुटा उभा असलेला, साधारण 130 फुटी घंटाघराचा मनोरा बघायला मान मागे टाकावी लागते. वर आठ घंटा आहेत, इंग्लंडातल्या लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या. असा आठ घंटांचा संच भारतात फार थोड्या ठिकाणी आहे. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये एक.

कौली फादर आणि वाँटेजच्या सिस्टर्स, म्हणजे इंग्लंडातल्या दोन अँग्लिकन संघांचे संन्यासी आणि जोगिणी, यांनी हे मिशन चालवलं. सिस्टर्स पुण्यात आल्या 1877 मध्ये. त्यांच्याच ओळखीतून पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजलाच त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कौली फादरांशी जोडलेले दुसरे मोठे नाव नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे, काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री. रमाबाईंच्या धर्मांतरामागच्या विचारमंथनात त्यांचा मोठा वाटा. एवढं सगळं सोडून आपण धरून बसलो कशाला, तर बिस्किटांना!

चहाचं प्रकरण विसरा असं माझं म्हणणं नाही. जातीची पकड किती घट्ट होती ते त्यातून लख्ख दिसतं. पण पेठेतला ख्रिस्ती माणूस पुण्याच्या इतिहासात पाहुणा नाही. त्याच्या पिढ्या या देवळात मराठी गीतं गात आल्या आहेत. 1970 नंतर हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आलं, आणि आज पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च आहे. पेठांच्या वारसा फेऱ्या काढणाऱ्यांनी फाटकापाशी चहाचा किस्सा सांगून पुढे सटकू नये. परवानगी काढून लोकांना आत न्यावं, आणि तिथल्याच एखाद्या जुन्या सभासदाला बोलू द्यावं.