दिव्यांगांचे अडीच हजार आणि ‘हिशेबाने राहिलं तर भागतं’ हा दावा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचा आशय असा: सरकार दिव्यांगांना दरमहा 2500 रुपये देतं, शिवाय धान्य फुकट, एसटी फुकट, दवाखाना फुकट. एका माणसाचा खर्च तो किती? हिशेबाने राहिलं तर सहज भागतं, आणि याहून जास्त दिलं तर कामाला कोणी हात लावणार नाही. माझा दादा मणक्याला मार बसल्यापासून व्हीलचेअरवर आहे आणि घरचा किराणा मी भरते. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘दरमहा 2500 मिळतात.’ संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर 2025 पासून लागू झाली. त्याआधी 1500 होती, 2023 पूर्वी 1000 आणि 2019 पूर्वी 600. तीही सगळ्यांना नाही. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला हवा आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं. म्हणजे अख्ख्या घराचे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. घरातला एक माणूस महिन्यातले पंधरा दिवस तीनशे रुपये रोजाने गेला तरी मर्यादा ओलांडली जाते. केंद्राची दिव्यांग पेन्शन 2012 पासून 300 रुपयांवरच थांबली आहे, आणि तीसुद्धा 80 टक्के अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसालाच. ‘बायकांना वर लाडकी बहीणचेही मिळतात’ हे तर साफ खोटं आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 किंवा जास्त घेणारी बाई त्या योजनेत बसतच नाही.

‘धान्य फुकट आहे, मग उपाशी कोण राहतं?’ प्राधान्य गटाच्या कार्डावर माणशी 5 किलो धान्य मिळतं. अंत्योदय असेल तर कुटुंबाला 35 किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींचं जे ताट सुचवलं आहे, त्यात दिवसाला 250 ग्रॅम धान्य आहे. महिन्याला साडेसात किलो झालं. पण त्याच ताटात 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 300 मिलिलिटर दूध किंवा दही आणि तेलही आहे. यातलं काहीच रेशनवर फुकट मिळत नाही. दूध लिटरला पन्नास रुपये धरलं, तरी महिन्याच्या नऊ लिटरचे साडेचारशे होतात. अडीच किलो डाळीला अडीचशेच्या वर लागतात. गॅसची टाकी आठशेच्या पुढे. भाजी अजून आलेलीच नाही.

आणि इथेच तो मजकूर सगळ्यात जास्त चुकतो. दिव्यांग माणसाचं जेवण इतरांपेक्षा स्वस्त नसतं, बऱ्याचदा महागच पडतं. मणक्याच्या दुखापतीनंतर एका जागी बसून पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, त्या भरायला प्रथिनं जास्त लागतात. आतडी मंदावतात, म्हणून पालेभाजी आणि फळं हवीतच. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा न राहणं) असलेल्या मुलाला चावता येत नसेल तर त्याचं जेवण वेगळं, मऊ करावं लागतं, भरवायला माणूस लागतं, आणि तो माणूस तेवढा वेळ मजुरीला जाऊ शकत नाही. अडीच हजारांना तीसने भागलं की दिवसाचे 83 रुपये येतात. त्यातून आधी डायपर, कॅथेटर (लघवी काढायची नळी), जखमेची पट्टी आणि मोबाइलचा रिचार्ज वजा करा. जे उरेल ते जेवणाचं.

‘एसटी फुकट, दवाखाना फुकट.’ एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, प्रवास फुकट नाही. शिवाय व्हीलचेअरवरचा माणूस त्या उंच पायऱ्या चढणार कसा? दादाला तालुक्याला न्यायचं तर रिक्षाच करावी लागते, आणि तिला सवलत नाही. महात्मा फुले योजनेतून रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांचा खर्च निघतो, ही मोठी सोय आहे. घरी रोज लागणाऱ्या वस्तू मात्र आपल्याच पैशांनी घ्याव्या लागतात.

‘हिशेबाने राहिलं तर भागतं.’ हिशेब रोज होतो. आधी फळं जातात, मग दूध, मग डाळ पातळ होते. त्यानंतर एकदाच वापरायचा कॅथेटर धुऊन पुन्हा वापरला जातो. डायपर वाचावा म्हणून माणूस पाणी कमी पितो, आणि लघवीच्या संसर्गाने तापतो. त्या तापाच्या औषधांना वाचवलेल्यापेक्षा जास्त पैसे लागतात. काटकसर शिकवणाऱ्यांनी सांगावं, यात अजून काय कापायचं?

‘जास्त दिलं तर काम करणार नाहीत.’ खरं तर उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की दादाने घरबसल्या शिलाईचं काम नियमित घेतलं तर अनुदानच धोक्यात येतं. कामाला रोखतो तो हा नियम. मर्यादा वाढवा, काम करायला माणसं तयार आहेत.

‘अजून मागणं म्हणजे हाव आहे.’ 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 प्रमाणे, इतरांना मिळणाऱ्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांची मदत किमान 25 टक्के जास्त हवी. तरीही 2023 पासून 2025 पर्यंत इतर निराधारांना आणि दिव्यांगांना सारखेच 1500 मिळत होते. दुसऱ्या राज्यांत पाहा: तेलंगणात 4016, आंध्र प्रदेशात 2024 पासून 6000, आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांना 15,000. आपल्याकडेही मागणी 6000 चीच आहे.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या गावकऱ्यांना एक विनंती. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, मागच्या वर्षी तो कशावर खर्च झाला आणि कोणाच्या हातात काय पडलं.