बाबांच्या पिट्ठूतला अननस: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, उत्तरही लिहायला घेतलं होतं पण रागात होतो म्हणून थांबलो. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की बाबा मिलिटरीतून सुट्टीवर आले की पिशवी भरून तिकडचं रेशन आणायचे आणि आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो. त्यावर तुमचं म्हणणं, जवानांच्या तोंडचं रेशन घरी आणणं ही चोरी आहे आणि मी ती कौतुकाने सांगतोय. शिवाय ते डबे न् पाकिटं म्हणजे नुसती केमिकलं, त्याच्या कसल्या आठवणी काढता.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. 'पिशवी भरून' हे माझं चुकलं. पोरवयात जे दिसलं ते तसंच लिहून गेलो. १९८६ च्या मे महिन्यातलं मला नीट आठवतंय कारण मी चौथी पास झालो होतो. अननसाच्या कापांचा एक डबा, कंडेन्स्ड मिल्कचा एक, शक्करपाऱ्यांची पुडी आणि काजू-मनुकांचं छोटं पाकीट, बस्स. बाबा तेव्हा लडाखच्या बाजूला होते, जम्मूहून झेलम एक्सप्रेसने पुण्यापर्यंत आणि पुढे एसटीने फोंडा घाट उतरून देवगड, कोकण रेल्वे तेव्हा कुठली, ती पूर्ण सुरू झाली १९९८ ला. काळी ट्रंक एसटीच्या टपावर आणि हा खाऊ मात्र पिट्ठूत, म्हणजे पाठीवरच्या फौजी पिशवीत, तो पिट्ठू मांडीवर. काजू बघून आजी म्हणाली होती, "काजू घेवन कोकणात इलंस?" आणि सगळं घर हसलं होतं.

आता चोरीबद्दल. हा शब्द मला रात्रभर टोचत होता. ते सगळं बाबांच्या स्वतःच्या वाट्याचं होतं, स्टोअरमधून उचललेलं नव्हतं. मग ते उरायचं कसं? आम्ही पण विचारायचो तेव्हा ते एवढंच म्हणायचे, "थंय वर गेल्यार भूक मरता."

आणि ते खरंच आहे. उंचीवर हवा विरळ, भूक मरते, जेवणाला चव लागत नाही, आणि थंडीमुळे शरीराला मात्र खालच्यापेक्षा जास्त खायला हवं असतं. म्हणून तर तिथल्या रेशनमध्ये गोड आणि सुकामेवा जास्त, घासभर खाल्लं तरी ताकद मिळावी म्हणून. पंधरा हजार फुटांवर पाणी ८५ डिग्रीच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ नुसती उकळत राहते, शिजत नाही. लंगर, म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर, जवळ असला तर गरम काहीतरी मिळायचं, पुढच्या पोस्टवर मात्र डबेच. डबा गोठून दगड झालेला असायचा. मग इंधनाच्या पांढऱ्या वड्या पेटवून त्यावर तो गरम करायचा, पण आधी त्याला भोक पाडायचं, नाहीतर फुटतो. ते भोक कसं पाडायचं हे बाबांनी आम्हाला अंगणात कोयत्याच्या टोकाने करून दाखवलं होतं. शक्करपारे तेवढे काही न करता खाता यायचे. आपल्या दिवाळीच्या शंकरपाळ्यांचेच भाऊ, पण जाड आणि कडक. मैदा, साखर, तूप, पाण्याचा अंश जवळजवळ नाही म्हणून महिनाभरही टिकतात, खिशात टाकायचे आणि चालता चालता चघळायचे.

भूक मरते हे आम्ही धरून चाललो. पण बाबा पेन्शनवर आल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांच्याच फौजेतल्या कंपनीतले एक काका सावंतवाडीहून घरी आले होते, तेव्हा बाबा आत चहा सांगायला गेले असताना ते मला म्हणाले, भूक मरायची हे खरं पण अननस सगळ्यांच्या घशाखाली उतरायचा, त्या डब्यासाठी आम्ही वाट बघायचो, आणि तुझो बापूस सुट्टी जवळ इली की त्याका हात लावी नाय. मी काही बोलूच शकलो नाही. आमच्या घरी डबा उघडल्यावर बाबा एकेक काप आमच्या हातावर ठेवायचे आणि स्वतः म्हणायचे माका गोड नको. म्हणून दादा, तुम्ही मला अडाणी म्हणा, माझं लिखाण वाईट म्हणा, पण त्या डब्याला चोरीचा म्हणू नका.

केमिकलचं पण सांगतो, कारण हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. माझ्या आईने दोन उन्हाळे आंब्याच्या कॅनिंगला काम केलंय, तिला हे कुणी शिकवायला नको. डबा टिकतो तो हवाबंद करून तापवल्यामुळे. आंब्याचा रस आंबट, त्याला उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. डाळ, भात, मटण आंबट नसतं, त्यात डब्यातलं विष तयार करणारे जंतू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, म्हणून ते दाबाखाली १२१ डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं. आताची लष्कराची पाकिटं अशीच बनतात, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या थरांची पिशवी, आत शिजवलेलं अन्न, सील केल्यावर परत तापवलेली. म्हैसूरला डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, प्रयोगशाळाच आहे त्यासाठी, १९६१ पासूनची. इतकं तापवल्यावर टिकवण्यासाठी वेगळं केमिकल घालायची गरजच उरत नाही. चव घरच्यासारखी असते असं मी म्हणणार नाही, नसते. पण विष नाही.

गेल्या गणपतीत शेजारचा पोरगा सुट्टीवर आला होता, प्रवासात खायला दिलेलं सुजी हलव्याचं एक पाकीट त्याने खाल्लं नव्हतं, ते आईसाठी घेऊन आला. आईला आता नीट दिसत नाही. तिने पाकीट हातात घेतलं, दोन बोटांनी चारी बाजूंनी दाबून बघितलं, कॅनिंगला फुगलेला, बिघडलेला डबा ओळखायची तसं, आणि म्हणाली, "फुगाक नाय. उघड."