शंका घेणारा बिघडतो?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय. म्हणणं असं: धर्म माणूस घडवतो, तत्त्वज्ञान नुसता वाद शिकवतं, धर्माशिवाय शिस्त नाही, आणि शंका घेणारा कधी सुधारत नाही. मला यातलं एकही पटत नाही. अमळनेरच्या माणसाने तरी हे पुढे पाठवू नये.

आधी वादाचं बघू. प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी गावात आले ते तिथे तत्त्वज्ञान शिकायला. पुढे ते शाळामास्तर झाले, वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडल्या, आणि १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. यात तत्त्वज्ञान किती आणि भक्ती किती, हे कोणी वेगळं काढून दाखवावं.

शिस्तीबद्दल थोडकंच. न्यायाने वागून वागूनच माणूस न्यायी होतो, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका रात्री दिवा गेला की दिवसभरातल्या चुका स्वतःपुढे मांडायचा. माझे आबा हरिपाठ झाला की ओट्यावर बसून नेमकं हेच करायचे. "आज सालदाराला पावशेर दाणे कमी गेले," म्हणायचे, आणि सकाळी उपरण्यात बांधून नेऊन द्यायचे. सेनेका त्यांना ठाऊक नव्हता. ती सवय त्यांना धर्माने लावली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण शंकेचं काय? धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते, साने गुरुजी ते उतरवून घेत होते. ती गीता अर्जुनाच्या शंकेतून सुरू होते. कठोपनिषदात नचिकेत थेट यमाला प्रश्न विचारतो.

आणि आबांचंच सांगतो. दाण्यांचा हिशेब चोख, पण त्याच सालदाराला पाणी मात्र वरून, ओंजळीत. कित्येक वर्षांच्या हरिपाठात त्यांना ते खटकलं नाही. खटकलं आत्याला. तिने एकदा विचारलं, "आबा, आपण चोखोबाचे अभंग म्हणतो. तो दारात आला असता तर त्यालाही असंच वरून पाणी का?"

आबा काही बोलले नाहीत. त्या रात्री ओट्यावर खूप उशिरापर्यंत बसून होते. पेरणीच्या दिवसांत लोटा सालदाराच्या हातात होता.