जुवारी पुलावर गाडी ‘हॅक’ होण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

‘नव्या गाड्या एकमेकींशी बोलतात, एकीला गेलेला संदेश सगळ्यांना मिळतो, त्यामुळे जुवारी पुलावर शेजारच्या गाडीतला माणूस लॅपटॉपवरून तुमचे ब्रेक बंद करू शकतो’, असा मेसेज म्हापसा-फोंड्याच्या ग्रुपांवर फिरतो आहे. हे खरे नाही.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत गाडी-ते-गाडी रेडिओच नाही. ‘कनेक्टेड’ गाडी सिमवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलते. फास्टॅगचा ब्रेकशी संबंध नाही.

मेसेजमध्ये २०१५ चा दाखला आहे. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संगणक-सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकी दुरून ताब्यात घेतली होती, हे खरेच. पण ती मोबाइल नेटवर्कवरून, मनोरंजन यंत्रणेतल्या त्रुटीतून. नंतर अमेरिकेत १४ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. म्हणून सॉफ्टवेअर अपडेट टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती.

सगळ्यांना एकच संदेश, म्हणजे मल्टिकास्ट, हा तर संशोधकांनी फार काळजीने हाताळलेला विषय. अशा मांडणीत गटातल्या गाड्यांकडे संदेश उलगडण्याची एक सामायिक गुप्त किल्ली (सांकेतिक आकडा) असते. एखादी गाडी गटाबाहेर पडली की ही किल्ली बदलावीच लागते, नाहीतर बाहेरची गाडीही ऐकत राहील. १,०२४ गाड्यांना नवी किल्ली एकेक करून पाठवली तर हजारावर संदेश लागतात. किल्ल्या झाडाच्या फांद्यांसारख्या मांडल्या (प्रत्येक फांदीवरच्या गाड्यांची मिळून एक किल्ली) तर सुमारे २० पुरतात. गाडी-ते-गाडी रेडिओच्या मानकांत प्रत्येक सुरक्षा-संदेशावर डिजिटल सही (संदेश खरा असल्याची सांकेतिक खूण) असते आणि माग काढता येऊ नये म्हणून गाडीची टोपण-प्रमाणपत्रे (खऱ्या ओळखीऐवजी वापरायची तात्पुरती ओळखपत्रे) बदलत राहतात.